‘फ्रॉम झीरो’ घेऊ की ‘हायब्रिड थिअरी’? सांगलीतून एक लांबलेलं उत्तर

पुतण्याचा प्रश्न साधा होता. काका, रेकॉर्ड प्लेअर आलाय, पैसे एकाच रेकॉर्डपुरते आहेत, लिंकिन पार्कची नवी ‘फ्रॉम झीरो’ घेऊ का जुनी ‘हायब्रिड थिअरी’? मी म्हटलं थांब, दोन मिनिटांत सांगतो, आणि त्याला आता तीन आठवडे झाले. मधल्या काळात मी दोन्ही अल्बम इतक्या वेळा ऐकले की बायको म्हणाली निदान जेवताना तरी बंद ठेवा. मित्रांना विचारलं, मिरजेत एका म्हाताऱ्या कारागिराला ऐकवलं, पुतण्याच्या कॉलेजच्या पोरांना चहा पाजून त्यांची मतं काढून घेतली. तर ज्यांना हाच प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

आधी माझा कल सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. आमची बॅच सायबर कॅफेवाली. विश्रामबागला एक कॅफे होता, तिथे एक गाणं उतरायला अर्धा तास, मग ते सीडीवर बर्न करायचं, वर मार्करने नाव लिहायचं आणि ती सीडी अख्ख्या होस्टेलवर फिरायची. माझ्या सीडीवर ‘क्रॉलिंग’ दोनदा होतं आणि ‘फरगॉटन’ अर्ध्यात तुटायचं, ते गाणं तेवढंच आहे असं मी वर्षभर समजत होतो. त्यामुळे ‘हायब्रिड थिअरी’बद्दल माझ्याकडून निष्पक्ष मताची अपेक्षा ठेवू नका, आईच्या हातच्या आमटीला कोण मार्क देतं का?

ज्यांना बँडचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. लिंकिन पार्क हा अमेरिकन रॉक बँड. ‘हायब्रिड थिअरी’ ऑक्टोबर २००० मध्ये आला, बारा गाणी, साधारण ३८ मिनिटं. चेस्टर बेनिंग्टन गाणार, माइक शिनोडा रॅप करणार, जड गिटार आणि जो हानचं स्क्रॅचिंग, म्हणजे फिरती रेकॉर्ड हाताने मागेपुढे घासून काढलेला आवाज. २०१७ च्या मे महिन्यात ‘वन मोअर लाइट’ हा अल्बम आला आणि २० जुलैला चेस्टरने आयुष्य संपवलं. मग सात वर्षं नवा अल्बम नाही. ५ सप्टेंबर २०२४ ला बँड अचानक समोर आला, नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग, ड्रमवर कॉलिन ब्रिटन, आणि १५ नोव्हेंबरला ‘फ्रॉम झीरो’. अकरा ट्रॅक, पण पहिला नुसता बावीस सेकंदांचा इंट्रो, म्हणजे गाणी दहाच. एकूण ३२ मिनिटं. सांगली स्टँडवरून मिरजेच्या सिटी बसला बसलात आणि विश्रामबागला थोडं ट्रॅफिक लागलं तर मिरज यायच्या आत अल्बम संपलेला असतो. नावात गंमत आहे, बँडचं अगदी सुरुवातीचं नाव झीरो होतं, फक्त स्पेलिंग वेगळं.

आता लोक काय म्हणतात. माझ्या वयाच्या लोकांत सरळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो चेस्टर नाही तर लिंकिन पार्क नाही, नाव बदला आणि खुशाल गा. यात माझा एक जवळचा मित्र आहे, त्याचा साउंड सिस्टिमचा धंदा, गणपतीत आणि लग्नसराईत बोलायला वेळ नसतो त्याला. त्याने नवा अल्बम आजवर ऐकलेलाच नाही आणि न ऐकताच त्याचं मत पक्कं आहे. “मर्दा, वहिनी गेल्यावर दादानं दुसरं लगीन केलं तर आपण जेवायला जातोय का?” मी म्हटलं जातो की, पहिल्या वर्षी नाही गेलो तरी दुसऱ्या वर्षी जातोच. तो गप्प बसला पण ऐकलं काही नाही. त्याला हसायचंही कारण नाही म्हणा, चेस्टरच्या एका मुलानेसुद्धा नव्या गायिकेवरून जाहीर नाराजी दाखवली होती, तेव्हा हे दुखणं फक्त सांगलीचं नाही.

दुसरा तट म्हणतो बँड परत उभा राहिला हेच खूप आहे, तुलना करूच नका. हे मला पहिल्यापेक्षा जास्त खटकतं. तुलना न करता तीन हजारांच्या घरातली रेकॉर्ड कशी घ्यायची?

आणि पुतण्याच्या कॉलेजची पोरं, एकोणीस-वीसची. त्यातल्या दोघांना हा बँड ‘हेवी इज द क्राउन’मुळे कळला, कारण ते गाणं लीग ऑफ लेजंड्स गेमच्या २०२४ च्या वर्ल्ड्स या जागतिक स्पर्धेचं गाणं होतं. त्यांच्यासाठी एमिली हीच लिंकिन पार्कची गायिका, चेस्टर म्हणजे ‘जुन्या व्हिडिओतला तो’. मला ऐकून जरा पोटात कालवलं, पण त्यांचे कान स्वच्छ आहेत हे मान्य करावं लागेल. त्यातला एक म्हणाला, काका, जुन्यात तो एकटा पडलेला वाटतो, नव्यात दोघं एकमेकांशी बोलतायत. एवढं बरोबर वाक्य मला तीन आठवड्यांत सुचलं नव्हतं.

मिरजेचा किस्सा आता. सतारमेकर गल्लीत एक ओळखीचे चाचा आहेत, सतारी-तंबोरे बनवण्यात आयुष्य गेलं. रॉकशी त्यांचा संबंध शून्य. मी गेलो तेव्हा ते तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणकार, काढत बसले होते. घोडीवर बारीक कानस फिरवायची, तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, परत उतरवायची, परत कानस. मी मोबाइलवर आधी ‘क्रॉलिंग’ लावलं, मग ‘ओव्हर ईच अदर’, जे एमिलीने एकटीने गायलंय. चाचांनी दोन्ही वेळा हातातलं काम थांबवलं नाही. मग म्हणाले, “ह्या पोराची जवारी बंद हाय, गोल, साफ. मग एकदम खुलतीय. आन् ह्या बाईची पहिल्यापासनं खुलीच हाय.”

एवढंच बोलले आणि परत कानस घासायला लागले. पण मला दोन अल्बममधला फरक तिथेच कळला. चेस्टर शांत गातो तेव्हा आवाज पातळ, स्वच्छ, जवळजवळ शाळकरी पोरासारखा, आणि कोरसला तोच आवाज फाटतो. त्या फाटण्यावर ‘हायब्रिड थिअरी’ अख्खा उभा आहे. ‘पेपरकट’ असो, ‘वन स्टेप क्लोजर’ असो, ‘पुशिंग मी अवे’ असो, आपण त्या क्षणाची वाट बघत बसतो. एमिलीच्या आवाजात खर मुळातच आहे, हळू गातानासुद्धा. त्यामुळे तिच्याकडून तो अचानक फाटण्याचा धक्का मिळत नाही, आणि जे लोक नवा अल्बम ऐकून “काहीतरी कमी आहे” म्हणतात त्यांना बहुतेक हेच म्हणायचं असतं. ती कमी पडते असं नाही, धक्का द्यायची तिची जागा वेगळी आहे.

बँडला हे कळलेलं आहे असं मला वाटतं, कारण नव्या गाण्यांची बांधणीच वेगळी आहे. ‘द एम्प्टिनेस मशीन’ घ्या. पहिलं कडवं माइक गातो, पहिला कोरसही माइकच. म्हणजे आपला ओळखीचा माणूस दारात उभा राहून या या म्हणतोय, आपण चपला काढून आत बसतो आणि मग आतल्या खोलीतून ती येते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडीवर होतो, आयर्विन पुलाच्या अलीकडे, आणि खरं सांगतो, गाडी बाजूला घेतली. रडायला वगैरे नाही आलं, पण हेल्मेट काढून नीट ऐकावंसं वाटलं. जुन्या अल्बमवर माइक बहुतेक रॅपपुरताच होता, इथे तो भरपूर गातो, आणि ‘कॅज्युअल्टी’मध्ये तर चक्क ओरडतो. नव्या अल्बममध्ये खरा नवा गायक कोण असेल तर तो माइक आहे, असं माझं जरा आगाऊ मत आहे.

आता तक्रार. ‘फ्रॉम झीरो’ ऐकताना सारखं वाटतं की हे आधी ऐकलंय. ‘टू फेस्ड’ थेट २००० सालातून उचलून आणल्यासारखं, स्क्रॅचिंगसकट. ‘कट द ब्रिज’चे ड्रम ऐकून त्यांचंच जुनं ‘ब्लीड इट आउट’ आठवतंच. ‘ओव्हर ईच अदर’ ‘वन मोअर लाइट’च्या शेजारी खपून जाईल. प्रत्येक जुन्या काळाचा एक एक नमुना ताटात वाढलाय, सगळ्या पाहुण्यांचं मन राखायचं म्हणून. कुणी नाराज होत नाही, पण एका पदार्थाची आठवण घेऊन घरी जावं असं ताट हे नव्हे. ‘हायब्रिड थिअरी’त तो प्रश्नच नव्हता, त्यांच्याकडे एकच पदार्थ होता आणि तो त्यांनी बारा वेळा वाढला. हो, ऐकायला वाईट वाटेल पण तो अल्बम एकसुरी आहे, विसाव्या वर्षी तो एकसुरीपणाच हवा असतो.

नव्यातलं सुरक्षित न वाटणारं गाणं एकच, ‘ओव्हरफ्लो’. संथ, ढगाळ, बेसवर चालणारं. जाता जाता सांगतो, बेसवाला फिनिक्स ‘हायब्रिड थिअरी’च्या रेकॉर्डिंगला बहुतांश नव्हताच, दुसऱ्या बँडबरोबर होता, तिथला बेस गिटारिस्ट ब्रॅड आणि बाहेरच्या दोघांनी वाजवलाय. हे कळल्यावर मी जुना अल्बम नुसत्या बेसकडे कान देऊन ऐकला आणि गिटारच्या भिंतीखाली तो फारसा सापडलाच नाही. नव्यात बेसला स्वतःची जागा आहे. त्यामुळे फोनच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर दोन्हीत काडीचा फरक पडणार नाही, पण बरे हेडफोन किंवा रेकॉर्ड प्लेअर असेल तर नवा जास्त मोकळा वाटतो.

किंचाळ्यांचं राहिलंच. ‘हेवी इज द क्राउन’मध्ये एमिली एका श्वासात लांबलचक ओरडते, आणि जुने लोक लगेच ‘गिव्हन अप’मधली चेस्टरची सतरा सेकंदांची किंचाळी काढतात, जी या दोन्हीपैकी कुठल्याच अल्बमवर नाही, ती २००७ ची. आम्ही कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी फोनचं स्टॉपवॉच लावून दोन्ही मोजल्या. पुतण्या म्हणे सारख्याच, मी म्हणे तिची जरा कमी, कारण बटण दाबायला दर वेळी त्याचा अंगठा मागे-पुढे होत होता. शेजारी भडंग खात बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, कुणाला लागलंय का पोरांनो. या मुद्द्यावर अल्बम ठरवू नका एवढंच सांगेन.

मग घ्यायचं काय? बँड अजिबात माहीत नसेल आणि रेकॉर्डचा हट्ट नसेल तर दोन्ही सोडा आणि एप्रिल २०२४ मध्ये आलेला ‘पेपरकट्स’ हा संग्रह ऐका, वीस गाणी आहेत, सगळा प्रवास कळतो, शिवाय चेस्टरच्या आवाजातली ‘लॉस्ट’ आणि ‘फ्रेंडली फायर’ ही उशिरा बाहेर काढलेली गाणी त्यात मिळतात. घरात लहान मुलं आणि मोठ्या आवाजात लावायचं असेल तर ‘हायब्रिड थिअरी’, अख्ख्या अल्बममध्ये एक शिवी नाही. राग आलेला असेल, परीक्षा तोंडावर असेल, कुणी सोडून गेलं असेल, तरी तोच. आणि हे सगळं होऊन गेलं असेल आणि आता घरात दोन माणसं बोलत असल्यासारखं काही हवं असेल तर ‘फ्रॉम झीरो’. तोच घेणार असाल तर मे २०२५ ची डिलक्स आवृत्ती बघा, तीन नवी गाणी जास्त आहेत, त्यातलं ‘अप फ्रॉम द बॉटम’ मूळ अल्बममधल्या निम्म्या गाण्यांपेक्षा मला सरस वाटतं, ते आधीच का नाही घातलं देव जाणे.

पुतण्याला मी शेवटी ‘फ्रॉम झीरो’ घे म्हटलं. कारण अगदी व्यवहारी होतं. ‘हायब्रिड थिअरी’ आमच्या घराण्यात आधीच आहे, मला तोंडपाठ आहे, त्यालाही ऐकून ऐकून पाठ झालाय, तीन हजार देऊन पाठ असलेलं विकत कशाला आणायचं? त्याची कॉलेजची पोरंसुद्धा मुंबईच्या लोलापालूझा संगीत महोत्सवात बँडचं नाव जाहीर झालं तेव्हापासून हीच गाणी घोकत होती.

रेकॉर्ड आली त्या रविवारी साउंडवाला मित्र योगायोगाने घरी होता, म्हणजे मी त्याला मटणाला बोलावलं होतं. सुई ठेवली. माइकचं कडवं संपेपर्यंत तो बसला, एमिली सुरू झाली तसा फोन आल्याचं निमित्त करून बाल्कनीत गेला. फोन वाजलाच नव्हता, आम्ही दोघांनी बघितलं पण बोललो नाही. तीन-चार गाणी तो तिकडेच उभा होता. ‘ओव्हरफ्लो’ लागलं तेव्हा जाळीच्या दारातून डोकं आत घातलं आणि धंद्यातल्या माणसाच्या आवाजात विचारलं, “बेस कोन वाजवतोय रे ह्यो?”

“फिनिक्स,” पुतण्या म्हणाला. “तुमच्या अल्बमवर नव्हता तो.”

“परत लाव,” मित्र म्हणाला, “गाणं न्हाय, बेस ऐकायचाय नुसता.”