पाथरवटाचं बारा इंची जातं, आणि बहिणाबाईंची हरकत

घ्यावं का? घ्यावं. फक्त फुलं कोरलेलं नको, पॉलिश मारलेलं नको आणि वरून बघून तर नकोच. जातं काठाकडून बघायचं.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात हायवेच्या कडेला आणि आठवडी बाजारात पाथरवट पाटे-वरवंटे, खलबत्ते, जाती मांडून बसतात. हे परीक्षण त्यांच्याकडच्या काळ्या दगडाच्या बारा इंची जात्याचं. एक तळी, म्हणजे जात्याच्या दोन दगडी चकत्यांपैकी एक, साधारण तीस सेंटिमीटर रुंद आणि सात सेंटिमीटर जाड, वजन चौदा किलोच्या आसपास. जोडी अठ्ठावीस किलो भरते, म्हणजे मोटारसायकलवर मागे बांधून नेण्याची वस्तू नाही. घासाघीस करून दोन-अडीच हजारांत जमतं. चौदा इंची घेतलं तर एकटी तळी बावीस-तेवीस किलोची होते. ती रोज उचलून झाडायला दोन माणसं लागतील. चार माणसांच्या घराला बारा इंच पुरे.

खान्देशात, विशेषतः लेवा पाटील समाजाच्या घरांत, जात्याला घरोट म्हणतात. या घरोटावर सगळ्यात नेमकं बोललेलं माणूस म्हणजे बहिणाबाई चौधरी. 1880 साली नागपंचमीला आसोद्याच्या महाजनांच्या घरी जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे, ऐन तिशीत वैधव्य, आणि 1951 च्या डिसेंबरात शेवट होईपर्यंत शेत आणि घर. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर यांनी त्यांची गाणी ऐकून उतरवून घेतली म्हणून ती राहिली, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

त्यांची एक हरकत प्रसिद्ध आहे. ज्यातून पीठ *येतं*, त्याला *जातं* का म्हणायचं? वर्गात हे शब्दांची गंमत म्हणून शिकवतात आणि पुढे सरकतात. गंमत आहेच, पण जातं वापरणाऱ्याच्या लेखी ती तक्रार अगदी तांत्रिक आहे. जात्याला दोन टोकं असतात. वरच्या तोंडातून दाणा जातो, काठातून पीठ येतं. ज्याने नाव ठेवलं त्याची नजर तोंडावर होती. बाई बसल्या होत्या पिठासाठी, त्यांची नजर काठावर. आतमध्ये दोन दगडांच्या मधे काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, त्याचा पुरावा एकच, काठावरून सांडणारं पीठ. पिठासारखंच आपलं गाणंही पोटातून ओठांवर येतं, असं त्या त्याच घरोटाला सांगतात, तिथेही नजर पुन्हा काठावरच आहे. पुस्तक न वाचता इतका सरळ विचार करणाऱ्याला तत्त्वज्ञच म्हणायचं, आणि जातं घेताना त्यांचा हा नियम जसाच्या तसा लागू होतो. गिऱ्हाईक वरच्या तळीवरचं नक्षीकाम बघतं, पण पैसे द्यायचे असतात ते काठाचे.

दुकानात करायच्या तपासण्या तीन. पहिली आवाजाची. तळी जमिनीवरून किंचित उचलून धरा आणि रुपयाच्या नाण्याने टिचकी मारा. दगड खणखणीत वाजला तर सलग आहे, बद्द वाजला तर आत चीर आहे. ही चीर विकत घेताना दिसत नाही, खुंटा, म्हणजे जातं फिरवायचा लाकडी दांडा, ठोकताना उघडते. दुसरी तपासणी पोताची. आपल्याकडचा बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा दगड, बारीक कणांचा असेल तर उत्तम, पण काही दगडांत पांढरे ठिपके, कधी हरभऱ्याएवढे पांढरे डाग दिसतात. दगडातली जुनी पोकळी मागाहून दुसऱ्या मऊ खनिजाने भरलेली असते, ते हे डाग. नखाने किंवा खिळ्याने खरवडून बघा. भुकटी निघाली तर ती उद्या भाकरीत येणार. बारीक भोकं असली आणि ती रिकामी असली तर घाबरू नका, त्याने दळायला मदतच होते. लालसर वाळूचा दगड मात्र कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. तो आयुष्यभर झिजत राहतो, आणि झिजलेला दगड जातो कुठे? पोटात.

तिसरी तपासणी काठाची, आणि हीच बहुतेक जण करत नाहीत. वरची तळी खिळीवर, म्हणजे खालच्या तळीच्या मधोमध असलेल्या आसावर, बसवा, वहीच्या कागदाची पट्टी कापा आणि काठाला चार दिशांना दोन तळ्यांमध्ये सरकवून बघा. चारही ठिकाणी पट्टी सारखीच अडली पाहिजे. एका बाजूला सहज आत गेली तर एक तर खीळ तिरकी आहे, नाही तर तळी सपाट नाही. मग वरची तळी अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा. फट तिथेच राहिली तर दोष खालच्या तळीचा किंवा खिळीचा, फट तळीबरोबर फिरली तर दोष वरच्या तळीचा. पाथरवट समोरच असतो, त्याला तिथेच टाकीने, म्हणजे दगड टाचायच्या छिन्नीने, बसवून द्यायला सांगा. चांगला कारागीर गेरू कालवून खालच्या तळीला लावतो, वरची फिरवतो आणि जिथे गेरू पुसला गेला तो उंचवटा उडवतो. मधल्या भागात दोन तळ्यांत दाण्याएवढी फट हवी आणि ती काठाकडे कमी कमी होत जाऊन शेवटच्या दोन बोटांत तळ्या जवळजवळ टेकायला हव्यात. उलटं असेल, म्हणजे मधे टेकतंय आणि काठ उघडा, तर दाणा अर्धवट चिरडून तसाच बाहेर पडतो. ऑनलाइन मिळणाऱ्या गुळगुळीत जात्यांचं बहुधा हेच दुखणं असतं. त्यात पार्सलमध्ये काठ टवका उडून येतो तो वेगळाच.

रुखवतातल्या चार इंची जात्यांबद्दल बोलण्यासारखं काही नाही. लग्नात हळद दळायला हळकुंड बांधून पूजा करा आणि शोकेसमध्ये ठेवा.

खुंटा बाभळीचा घ्या, वाळलेला. जात्यावर आठ-नऊ इंच उभा राहील इतका. त्याचं भोक काठापासून किमान दीड इंच आत असावं. इथे एक चूक हमखास होते. खुंटा हलतो म्हणून तो हातोडीने गच्च ठोकतात, पुढे पावसाळ्यात किंवा जातं धुतल्यावर लाकूड फुगतं आणि काठ तडकतो. दगड फोडायला लाकडी पाचर भिजवायची जुनी पद्धत आहे, हा तोच प्रकार, फक्त नको त्या जागी. खुंट्याला चिंधी गुंडाळून हाताने दाबून बसवायचा. मधली खीळही शक्यतो लाकडी असावी. लोखंडी खीळ गंजली की पहिला घाणा तांबूस येतो.

नवं जातं घरी आणल्यावर साबण लावू नका, वास धरतं. काथ्याने आणि साध्या पाण्याने घासा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा. मग अर्धा किलो कण्या किंवा जाडा तांदूळ घालून दळा आणि ते पीठ फेकून द्या, गुरांनाही घालू नका. असं किमान चार वेळा. त्यानंतर चिमूटभर पीठ स्टीलच्या वाटीत पाण्यात ढवळा, वरचं पाणी हळूच ओता आणि तळाशी बोट फिरवा. कचकच लागली तर पाचवा घाणा. हा कंटाळा केला तर पहिल्या महिन्याच्या भाकरी दाताखाली लागतील आणि दोष दगडाला जाईल.

दळण्याचा वेग मिनिटाला तीस फेरे धरा. दर पंधरा-सोळा फेऱ्यांना अर्धी मूठ वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायचा दाणा, साधारण वीस ग्रॅम. थांबत-झाडत तासाला दीड किलो बारीक पीठ निघतं. वैरण जास्त घातली की वरची तळी उचलली जाते, फिरवायला हलकं वाटतं, नवखा माणूस खूश होतो आणि खाली रवा पडतो. कमी घातली तर दगडावर दगड घासतो. आवाजावरून कळतं. भरलेल्या जात्याची घरघर जाड असते, रिकाम्याची कोरडी आणि किरकिरी.

हे फेरे मोजायला घड्याळ लागत नाही. बहिणाबाईंच्या बहुतेक ओळी आठ अक्षरांच्या आहेत. ओढून म्हटलेली आठ अक्षरं दोन फेऱ्यांत बसतात, चार ओळींचं कडवं आठ फेऱ्यांत. म्हणजे दोन कडवी झाली की अर्धी मूठ. करून बघा, वैरण चुकत नाही. कडव्याच्या शेवटी श्वास घ्यायला जी जागा आहे तिथेच डावा हात सुपाकडे जातो. छंदशास्त्र न शिकता ही बाई इतकी बिनचूक कशी, असं नवल करतात. रोज पहाटे तळी फिरवणाऱ्या हाताकडे बघितलं तर नवल थोडं कमी होतं आणि आदर वाढतो. बारा इंची जातं एकट्याचं आहे. समोरासमोर बसून दोघींनी ओढायचं तर सोळा इंची लागेल.

आता पीठ. दादर ज्वारीला हे जातं सगळ्यात चांगलं जमतं. कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं भाकरीचं पीठ; त्यासाठी एक किलो दादर, पाव किलो सालासकट उडीद, चमचाभर मेथी, चवीला मीठ. सगळं आधी नीट मिसळायचं. उडीद गुळगुळीत असतो, तो दाणा निसटून अर्धवट फुटून येतो, म्हणून पहिल्यांदा जाडसर भरडून घ्या आणि मग तेच पुन्हा वैरणा. एका दमात बारीक करायला गेलात तर भाकरी थापताना कणी लागून चिरते. बाजरी एका वेळी दोन-तीन दिवसांपुरतीच दळा. तिच्यात तेल जास्त, पीठ लवकर कडवट होतं. गिरणीतून पाच किलो आणून महिनाभर पुरवण्यापेक्षा इथे जात्याचा खरा फायदा दिसतो. खापरावरच्या मांड्यांचा गहू मात्र ओलवून, मुरवून दळायचा आणि वस्त्रगाळ करायचा असतो; इतका खटाटोप एका बारा इंची जात्यावर पाहुण्यांसाठी करू नका, हात गळून येतील.

डाळीसाठी तळी उचलावी लागते. खिळीला जुन्या धोतराच्या चिंधीचे दोन-तीन वेढे द्या, त्यावर वरची तळी टेकली की फट वाढते. तुरीला तेल-पाणी लावून उन्हं दिलेली असतील तर दाणा स्वच्छ दोन फाका होतो. नाही तर साल तशीच राहते आणि चुरी फार निघते. पहिल्या ओंजळीत अख्खे दाणे दिसले तर एक वेढा कमी, चुरी दिसली तर एक वेढा जास्त.

पावसाळ्यात दाणा सादळला की पीठ तळीला थापून बसतं आणि जातं अचानक जड होतं. जोर लावू नका. तळी उचला, कुंचल्याने झाडा, धान्याला ऊन नसेल तर तव्यावर नुसतं कोमट करून घ्या.

दुकानदार मधुमेह, गुडघे, पोट सगळं बरं करून देतात. ते सोडा. चव वेगळी लागते ती पीठ ताजं असतं आणि गिरणीसारखं तापत नाही म्हणून, बाकी दाणा तोच. खांदा आणि कंबर मात्र दुखणार. एक पाय लांब, एक दुमडून बसा, दर पाव किलोला हात बदला. फ्लॅटमध्ये खाली गोणपाटाच्या चार घड्या घाला, फरशीही वाचते आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येत नाहीत.

तळी पुन्हा खडबडीत करायला टाकी कधी लावायची हे तारखेवर ठरत नाही. त्याच धान्याला वेळ जास्त लागू लागला, पीठ कोमट आणि चपट्या कण्यांचं यायला लागलं की तळी गुळगुळीत झाली. बाजारातला पाथरवट लावून देतो. खळगे तिळाएवढे मागा, खोल नको. खोल खळग्यात जुनं पीठ बसतं आणि त्यात अळी होते. स्वतः लावणार असाल तर डोळ्यांना चष्मा, छिन्नी तिरकी, घाव हलका, आणि मधून काठाकडे यायचं. काठापासून अर्धा इंच आधी हात थांबला पाहिजे. तिथे घाव बसला तर कपचा उडतो, आणि मग प्रत्येक फेऱ्याला त्या एकाच जागेतून न दळलेला रवा सांडत राहतो. त्यावर दुसरा उपाय नाही, अख्खी तळी टाकीने तेवढी खाली उतरवून घ्यावी लागते.