सेशेल्सची केबिन-क्रूझ: माहेहून नको, प्रालँहून घ्या

सेशेल्समध्ये शिडाच्या कॅटामरानवर (दोन सांगाड्यांच्या बोटीवर) आठवडाभर फिरवणाऱ्या केबिन-क्रूझ मुख्यतः दोन ठिकाणांहून सुटतात. एक माहे या मोठ्या बेटाला लागून असलेल्या ईडन आयलंडच्या मरिनातून, दुसरी प्रालँ या छोट्या बेटावरच्या बे सेंट ॲन इथून. (प्रालँच्या स्पेलिंगमध्ये मधे ‘एस’ दिसतो, तो उच्चारायचा नाही.) विमानतळ जवळ म्हणून बरेच जण डोळे झाकून माहेची क्रूझ घेतात. थोडी जास्त यातायात झाली तरी चालेल, पण प्रालँला जाऊन बोट गाठावी.

कारण समुद्राचं आहे. माहे ते प्रालँ हे साधारण २५ सागरी मैल उघडं पाणी. कॅटामरान तासाला पाच-सहा मैल जाते, म्हणजे चार-पाच तास. मे ते ऑक्टोबर आग्नेयेचा वारा जोरात असतो आणि प्रालँ माहेच्या ईशान्येला आहे. त्यामुळे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा लाट बोटीच्या कुशीवर येते. पहिल्याच दुपारी केबिनमध्ये माणसं आडवी होतात आणि आठवड्यातले दोन अर्धे दिवस या ये-जा करण्यात जातात. तेच अंतर कॅट कोकोस नावाची जलद प्रवासी बोट (फेरी) तासाभरात तोडते. मग पुढचा आठवडा क्युरियूज, ला दीग, कुझँ अशा जवळजवळच्या बेटांत, बऱ्याच अंशी आडोशाच्या पाण्यात जातो.

मुंबईहून माहेला थेट विमानाने साडेचार तासांच्या आसपास लागतात. घड्याळ दीड तास मागे करायचं. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते आणि त्यात राहण्याचा पत्ता विचारतात. इथे क्रूझवाले अडकतात, कारण राहणं बोटीवर. कंपनीकडून बोटीचं नाव, तारखा आणि प्रत्येक प्रवाशाचं नाव असलेलं पत्र आधीच मागून घ्या. नुसती पैसे भरल्याची पावती पुरेशी धरू नका.

विमान उतरेल त्याच दिवशी बोट पकडायचा बेत मात्र करू नये. केबिन-क्रूझमध्ये बाकीच्या केबिनमध्ये दुसरी कुटुंबं असतात, तुमच्यासाठी बोट थांबत नाही. शेवटची फेरी चुकली तर दुसऱ्या दिवशी स्वखर्चाने होडी करून बोट जिथे नांगरली असेल तिथे जावं लागतं. एक रात्र आधी प्रालँलाच काढा. छोट्या ट्विन ऑटर विमानाने वीस मिनिटांत जाता येतं, पण प्रालँचा विमानतळ बे सेंट ॲनपासून बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. टॅक्सीचा अर्धा तास धरा. फेरीने गेलात तर खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसा, तिथे बोट सर्वांत कमी हलते. एव्होमिन घेत असाल तर निघण्याआधी तासभर घ्या. मळमळायला लागल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

सामानाचं सांगून सांगून थकलो तरी लोक चाकांची कडक सूटकेस आणतातच. केबिनमध्ये ती ठेवायला जागा नसते, पलंगाखालच्या कप्प्यात जात नाही. घडी होणारी कापडी बॅग आणा. चार्जरची गंमत अशी, की चार्टरच्या कॅटामरान बहुतेक फ्रेंच बनावटीच्या. त्यांत युरोपी गोल दोन पिनांची सॉकेटं असतात आणि आपला दोन पिनांचा चार्जर सहज बसतो. जमिनीवर मात्र ब्रिटिश चौकोनी तीन पिना, तिथे ॲडॅप्टर लागतोच.

‘एसी केबिन’ या शब्दांवर विसंबू नका. एसी जनरेटर चालू असेपर्यंत चालतो आणि रात्री आवाजामुळे तो बहुतेक बंद करतात. किती तास चालणार ते लेखी विचारा. वरची खिडकी उघडी ठेवली तर नांगरलेल्या बोटीला वारा आपोआप समोरून लागतो. फक्त रात्री सर आली की गादी भिजते. टॉयलेटची नळी मनगटाहून बारीक असते. कागद, वाइप्स काहीही टाकलं की ती तुंबते आणि भर समुद्रात उघडून साफ करावी लागते. जेट स्प्रे मिळेल असं धरू नका, प्लास्टिकचा छोटा मग बरोबर ठेवा.

जेवण ही या क्रूझची मोठी जमेची बाजू. क्रेओल स्वयंपाकात नारळाच्या दुधातली कालवणं, डाळ, भात आणि सातिनी असते. सातिनी म्हणजे आपली चटणीच. कच्च्या पपईची मिळाली तर सोडू नका; शार्कची पण असते, तेव्हा विचारून घ्या. शाकाहारी असाल तर ‘मासे नाहीत, अंडं नाही’ असं नाव घेऊन दोन आठवडे आधी कळवा. सामान निघण्याआधीच भरतात, मधे दुकान फारसं नसतं.

शीड किती वेळ उभारतात, हा खरा प्रश्न. प्रालँ-क्युरियूज अंतर इतकं कमी, की कप्तान इंजिनावरच नेतो. एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये वारा पडलेला असतो. ज्यांना शिडाची मजा हवी त्यांनी मे किंवा ऑक्टोबर निवडावा. प्रालँवरचा आन्स लाझियोचा किनारा वायव्येकडे तोंड करून आहे. आग्नेय वाऱ्यात तो तळ्यासारखा शांत, पण डिसेंबर ते मार्च तिथे लाट फुटते आणि डिंगीतून (किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या होडीतून) उतरताना कॅमेरे भिजतात. कुझँवर तुमच्या डिंगीने उतरू देत नाहीत. उंदीर जाऊ नयेत म्हणून बेटाचे रक्षक आपल्याच होडीतून नेतात, तेही सोमवार ते शुक्रवार सकाळी. वेळापत्रकात कुझँ शनिवार-रविवारी लिहिलं असेल तर बुकिंगआधीच बदलून घ्या. सागरी उद्यानांची प्रवेश-फी, पेयं आणि टिप मूळ भाड्यात सहसा नसतात.

दर्याई नारळ (तिथला जुळ्या आकाराचा ‘कोको दे मेर’) घ्यायचा असेल तर परवान्याचा कागद आणि शिक्का बघूनच घ्या, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. शेवटच्या दिवशी बोट सकाळीच रिकामी करायला लावतात. फेरी, टॅक्सी आणि चेक-इन धरून माहेचं विमान संध्याकाळचं असेल असं बघा.