ड्युअल-क्योर इमल्शन: शिमग्यापासून गणपतीपर्यंत

मालवणात आमचं कापडावर स्क्रीन-प्रिंटिंगचं, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छपाईचं, छोटं काम आहे. पर्यटकांचे टी-शर्ट, काजूवाल्यांच्या कापडी पिशव्या आणि गणपतीआधी मंडळांचे टी-शर्ट. शाई सगळी पाण्याची, म्हणजे पिगमेंट (रंगाची) पेस्ट आणि रंग कापडाला धरून ठेवणारा बाइंडर. जाळीवर इमल्शन, म्हणजे उजेडाने कडक होणारा लेप, लावतात; डिझाइनच्या जागी उजेड अडवला की तिथला लेप धुऊन निघतो आणि उरतो तो साचा, म्हणजे स्टेन्सिल. शिमग्याच्या सुमारास बायक्रोमेटचं (क्रोमियमच्या क्षाराचं) जुनं इमल्शन सोडून डायझो ही उजेडाला संवेदनशील पावडर मिसळायचं, पाण्याला टिकणारं ड्युअल-क्योर (दोन प्रकारे कडक होणारं) इमल्शन आणलं.

उन्हाळ्यात तक्रारीला जागाच नव्हती. ४३ टी (सेंटीमीटरला ४३ धागे) जाळीवर दोन्हीकडून एकेक हात, स्क्वीजीच्या (शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या) बाजूने आणखी एक, आणि छपाईची बाजू खाली करून फ्रेम आडवी सुकायला. जुनं स्टेन्सिल पाण्याच्या शाईने फुगायचं, मग रबराच्या घासाने बारीक अक्षरांच्या कडा सुटायच्या. ते थांबलं.

खरी कसोटी मिरग लागल्यावर. हवेत आर्द्रता ८५-९० टक्के. कोट बोटाला सुका लागतो, पण आत पाणी धरून असतो, आणि ओलं इमल्शन प्रकाशात पुरतं जुळून कडक होत नाही. अशा वेळी बरेच जण एक्सपोजर (उजेड दाखवण्याचा वेळ) वाढवत बसतात. त्याने बारीक रेषा बुजतात, स्टेन्सिल मात्र कच्चं ते कच्चंच. आम्ही जुन्या लाकडी कपाटात डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) आणि आर्द्रतामापक ठेवला. काटा ५० टक्क्यांखाली असेल तरच फ्रेम आत, आणि ती रात्रभर. हीटर लावायचा तर तापमान ४० अंशांच्या आत ठेवा. जास्त उष्णतेने इमल्शन उजेड न दाखवताच धरतं आणि डिझाइन धुऊन उघडत नाही. माझ्या मते महागड्या डब्यापेक्षा या कपाटावर पैसे घातलेले बरे.

धुताना आतली बाजू बुळबुळीत लागली तर एक्सपोजर अपुरं. नीट उघडलेली फ्रेम सुकवून पुन्हा उजेडात धरली की उरलेला डायझोही कामाला येतो आणि मजबुती वाढते. आधीच वाहून गेलेलं इमल्शन मात्र त्याने परत येत नाही. हा दुसरा उजेड ऊन असेल तर उन्हात, नाहीतर एक्सपोजरच्या दिव्यांच्या युनिटवर.

हार्डनर (स्टेन्सिल आणखी कडक करणारं रसायन) विचार करून वापरा. तो लावला की स्टेन्सिल रिमूव्हरला (ते काढायच्या द्रावणाला) सहसा दाद देत नाही, जाळीच बदलावी लागते. काजूच्या पिशवीवरचा छाप वर्षानुवर्षं तोच, तिथे चालेल. मंडळाच्या टी-शर्टवर दरवर्षी साल बदलतं, तिथे कशाला?

किंमत बायक्रोमेटपेक्षा चांगलीच जास्त. पण बायक्रोमेटमधलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणारं, आणि आमच्याकडे धुण्याचं पाणी जातं ते विहिरीच्याच बाजूला. मला तेवढ्यावरच बदल पटला. जांभ्याच्या लाल धुळीने स्टेन्सिलमध्ये पिनहोल (बारीक भोकं) पडतात ते याच्यातही पडतात. कोटिंगआधी जाळी धुऊन तेलकटपणा काढावाच लागतो.

डायझो मिसळलेलं इमल्शन फ्रिजमध्येही फार महिने टिकत नाही, आणि पावसात इथे वीज कधी जाईल याचा नेम नाही. लहान डबा घ्या.