मुलीच्या फोनवर लक्ष ठेवणारी तीन ॲप, आठ महिने: काय काढलं, काय ठेवलं

माझी लेक १२ वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वी तिच्या हातात स्वतःचा फोन आला आणि त्याच आठवड्यात मी पॅरेंटल कंट्रोलचं ॲप शोधायला बसले. आजवर तीन ॲप वापरून झाली. दोन काढून टाकली, एक आहे. तिचा फोन अँड्रॉइड आहे, त्यामुळे बहुतेक अनुभव त्याचाच.

पहिलं ॲप मी तिला न सांगता टाकलं. ते प्ले स्टोअरवर नव्हतंच. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवायची, प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप हेरणारी गूगलची तपासणी) बंद करायचं, मग ॲपचा आयकॉन फोनवरून गायब होतो. सगळे मेसेज, सगळे फोटो, सगळे कॉल माझ्या लॅपटॉपवर दिसायला लागले. पहिले दोन दिवस मला फार निर्धास्त वाटलं. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं की हे जे मला एका पासवर्डवर दिसतंय, ते कुठल्या तरी अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर पडलेलं आहे. माझ्याच मुलीचे फोटो तिथे मी स्वतः पोचवले होते. मग वाचायला लागले. एमस्पाय या अशाच ॲपमधली माहिती २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये फुटली होती. स्पायफोन नावाच्या ॲपच्या कंपनीवर तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये या धंद्यातच राहायला बंदी घातली. चौथ्या दिवशी ॲप काढलं आणि लेकीला सांगितलं.

तिने एकच विचारलं, "आई, तू माझे मेसेज वाचलेस?" मी हो म्हटलं. ती रडली नाही, भांडली नाही. पण पुढचे दोन दिवस मी खोलीत आले की ती फोन उलटा ठेवायची. ते दिवस आठवले की अजून पोटात तुटतं. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: मुलापासून लपवावं लागेल असं ॲप घेऊच नका. ओळखायची खूण सोपी आहे. प्ले स्टोअरच्या नियमांनुसार लक्ष ठेवणाऱ्या ॲपला लपता येत नाही, फोनवर त्याची सूचना सतत दिसत राहावी लागते. "प्ले प्रोटेक्ट बंद करा" असं कोणी सांगितलं की तिथेच थांबा.

दुसरं ॲप रीतसर होतं. नावाजलेलं, वर्षाची वर्गणी भरून घेतलेलं. या वेळी आम्ही दोघी शेजारी बसून ते सेट केलं, त्यात पाऊण तास गेला. या ॲपना परवानग्या किती लागतात याची आधी कल्पना येत नाही. ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीनवरचं सगळं वाचण्याची मुभा), डिव्हाइस ॲडमिन (ॲप सहज काढता येऊ नये म्हणून दिलेला अधिकार), नोटिफिकेशन वाचण्याची मुभा, लोकेशन "नेहमी", वेबसाइट गाळण्यासाठी फोनमधल्या फोनमध्ये चालणारं व्हीपीएन, म्हणजे फोनचं इंटरनेट ज्यातून जातं अशी वाट. याचं कारण असं की व्हॉट्सॲपचे मेसेज वाटेत कोणालाच वाचता येत नाहीत, म्हणून अशी ॲप स्क्रीनवर किंवा नोटिफिकेशनमध्ये जे उमटतं तेच वाचतात. म्हणजे त्या ॲपला मुलाच्या फोनचे डोळेच देऊन टाकायचे. हे देताना मन खात होतं, तरी दिले.

या ॲपची सगळ्यात मोठी जाहिरात होती ती "धोक्याचे इशारे" या सोयीची. मुलाच्या बोलण्यात काही गंभीर आलं की आईबापांना लगेच कळवणार. चार महिन्यांत मला असे २६ इशारे आले. बहुतेक वेळा लेकीने किंवा तिच्या मैत्रिणीने हसून हसून "आय ॲम डाइंग" असं काहीतरी लिहिलेलं असायचं. कामात असताना फोन थरथरायचा, लाल पट्टी दिसायची, काळजात धस्स व्हायचं, आणि उघडून पाहावं तर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

आणि जे कळायला हवं होतं ते मात्र त्याला कळलं नाही. आपली मुलं आपसात मराठी बोलतात पण ते रोमन अक्षरांत टाइप करतात, त्यातही स्पेलिंग ज्याचं त्याचं. "नको" हा एक शब्द मी तिच्या गटात चार तऱ्हांनी लिहिलेला पाहिलाय. वर्गातल्या मुलींनी एक नवा गट काढला होता आणि माझ्या लेकीला त्यात घेतलं नव्हतं. जुन्या गटात तिने काही विचारलं की कोणी उत्तर द्यायचं नाही, असं ठरलेलं. यात कुठला शब्द ॲपला खटकणार? शिवी नाही, धमकी नाही, नुसतं गप्प बसणं. ॲपने दिलेला तिच्या फोनचा त्या आठवड्याचा अहवाल "सर्व ठीक" असा हिरवा होता. मला कळलं ते एका रात्री कपड्यांच्या घड्या घालताना. तिने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली आणि म्हणाली, "मी काही केलं का गं, की माझ्याशी कोणी बोलतच नाही?"

त्या रात्री आम्ही बराच वेळ बोललो. इशाऱ्यांची सोय मी दुसऱ्याच दिवशी बंद केली.

हे ॲप पुरतं काढायला कारण दुसरं झालं. एकदा पहाटे तिला उठवायला गेले, उशी सरळ करताना हात आत गेला, तर फोन गरम. अहवालात रात्री दहानंतरचा वापर शून्य मिनिटं. आधी वाटलं पोरीने काही युक्ती केली. तसं नव्हतं. फोनची बॅटरी वाचवणारी सोय मागे चालणारी ॲप झोपवते आणि तिने हेही झोपवलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीचं बंधन काढलं, फोन अपडेट झाल्यावर ते परत बसलं. पुढे तिला वर्गमित्राकडून सेफ मोडही कळला. फोन सेफ मोडमध्ये सुरू केला की बाहेरून टाकलेली ॲप चालतच नाहीत. हे तिने मला आपणहून सांगितलं, आणि मला त्या सांगण्याचं मोल वर्गणीपेक्षा जास्त वाटलं. तुम्ही असं ॲप वापरत असाल तर अहवालातला आकडा फोनच्या बॅटरीच्या पानावरच्या आकड्याशी अधूनमधून ताडून पाहा. आणि वर्गणी आपोआप पुढे सुरू राहण्याची खूण पहिल्याच दिवशी काढून टाका.

तिसरं, आता असलेलं, म्हणजे गूगलचं फॅमिली लिंक. २०१७ पासून आहे आणि फुकट आहे. फुकट म्हणून मी ते आधी बाजूला ठेवलं होतं, ती माझी चूक. मुलाचं गूगल खातंच देखरेखीखाली असतं, त्यामुळे बाहेरून टाकलेल्या ॲपसारखं ते सहज झोपत नाही. चार महिन्यांत रात्रीचं कुलूप एकदाही चुकलेलं नाही. साडेनऊला फोन बंद, सकाळी साडेसहाला उघडा. कुलूप असतानाही आलेला फोन उचलता येतो, हे मी आधी करून पाहिलं.

पहिल्या आठवड्यात रोज नऊ वीसला ती माझ्यासमोर उभी. "आई, दहाच मिनिटं." माझ्या फोनवरून वेळ वाढवून देता येते. मी तीनदा दिली, चौथ्यांदा नाही दिली. तिने दार आपटलं. दुसऱ्या महिन्यापासून ती सव्वानऊलाच फोन चार्जिंगला लावायला लागली. ती सकाळी हाक न मारता उठते, एवढ्या एका गोष्टीसाठीही मी हे ॲप ठेवलं असतं.

मात्र हे ॲप काय करत नाही तेही माहीत असू द्या. मेसेज दाखवत नाही. यूट्यूब किती वेळ चाललं ते सांगतं, तिथे काय पाहिलं याची यादी त्याच्या अहवालात येत नाही. त्यासाठी यूट्यूबच्या देखरेखीच्या खात्यात पाहण्याचा स्तर वेगळा ठरवावा लागतो. ९ वर्षांपुढचा, १३ वर्षांपुढचा आणि जवळपास सगळं यूट्यूब, असे तीन आहेत. आमच्याकडे पहिला आहे. त्यावरून आमचा वाद सुरूच आहे आणि तिचं म्हणणं अगदी चुकीचं नाही, कारण तिला हवे असलेले विज्ञानाचे काही व्हिडिओ त्यात येत नाहीत. वेबसाइट गाळणं फक्त क्रोमपुरतं. दुसरा ब्राउझर टाकला की गाळणी गेली, म्हणून बाकीचे ब्राउझर बंद ठेवलेत. एखाद्या ॲपमध्ये लिंक दाबून आतच पान उघडलं तर तिथेही या गाळणीवर विसंबता येत नाही. लोकेशन फोन चालू आणि नेटवर असेल तरच ताजं, नाहीतर शेवटचं ठिकाण दिसतं. तो ठिपका हलला नाही म्हणून लगेच घाबरू नका.

मुलाकडे आयफोन असेल तर बाहेरचं ॲप विकत घेण्याआधी त्यातलाच स्क्रीन टाइम, म्हणजे वापरावर मर्यादा घालणारी सोय, नीट लावून पाहा. २०१८ पासून तो फोनमध्येच येतो. एका ॲपने दुसऱ्यात डोकावू नये अशीच त्या फोनची रचना आहे, त्यामुळे "आयफोनवरचे सगळे मेसेज दाखवू" म्हणणाऱ्या ॲपकडे संशयाने बघा. काही जण त्यासाठी मुलाच्या आयक्लाउडचा (आयफोनमधली माहिती ॲपलकडे ऑनलाइन साठवणाऱ्या खात्याचा) पासवर्ड मागतात. तो देऊ नका. स्क्रीन टाइमचा पासकोड मात्र फोन उघडायच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा, मुलांना आपला पासकोड बोटांच्या हालचालीवरूनही कळतो.

पुन्हा फॅमिली लिंककडे वळते. नवं ॲप टाकायचं तर लेकीकडून माझ्या फोनवर विनंती येते. ही सोय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. सुरुवातीला मी कामात असताना घाईने "मंजूर" दाबायचे. आता संध्याकाळी दोघी मिळून बघतो. ते ॲप काय काय माहिती घेतं, त्यात अनोळखी लोकांशी बोलता येतं का, पैसे कुठे मागतात. गेल्या आठवड्यात तिने चित्रं काढायचं एक ॲप मागितलं होतं. दोघी प्ले स्टोअरवरचं डेटा सेफ्टीचं पान वाचत होतो, तर मध्येच तीच म्हणाली, "चित्र काढायला याला कॉन्टॅक्ट कशाला हवेत?" आणि तिनेच ती विनंती मागे घेतली. तिला दुसरं सापडलंय. ते आज संध्याकाळी बघायचंय.