पैदाशीचा नर म्हणून सदोष ससा गळ्यात मारला, त्याची हकिगत

जन्मजात दोष असलेला ससा ‘खात्रीच्या वंशावळीचा’ म्हणून विकायचा आणि दोष उघडकीला आला की घेणाऱ्याच्या निगराणीवर बोट ठेवायचे, हा प्रकार पैदास करणाऱ्यांना ठाऊक आहे. तरीही माझ्या बाबतीत तो इतक्या सफाईने घडला, की हे लिहिताना संतापाइतकीच शरमही वाटते. एक नर 12,000 रुपयांना आणि चार माद्या प्रत्येकी 6,600 रुपयांना, असे 38,400 रुपये मी मोजले. पुढे दात कापण्यावर आणि औषधपाण्यावर 9,750 रुपये गेले, ते वेगळेच.

नराचे तोंड दाखवा म्हटल्यावर विक्रेत्याने त्याचा ओठ क्षणभर वर केला आणि लगेच सोडून दिला. तेवढ्यातही मला पटाशीचे दात दिसले होते: आखूड, टोकाला सपाट आणि एकावर उभी बारीक चीर. निरोगी सशाच्या दातांची कड तिरपी व धारदार असते, कारण वरचे आणि खालचे दात सतत एकमेकांवर घासले जातात. सपाट कड म्हणजे दात नुकतेच कापलेले. मी विचारलेही. “ताई, त्याला पिंजऱ्याची तार चावायची खोड आहे, त्यात दात तुटले, येतील परत,” असे उत्तर मिळाले. तार ओढून दात खरोखरच तुटतात आणि वाकडेही होतात, हे मला माहीत होते. त्याने खोटे बोलताना आधार खऱ्याचाच घेतला. शिवाय हातात सही-शिक्क्याची तीन पिढ्यांची वंशावळ होती आणि माद्या नराच्या नात्यातल्या नाहीत, अशी लेखी हमी होती. अशा कागदांवर कोणीही विश्वास ठेवला असता. पण ती सपाट कड काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही.

सशाचे हे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. बघता बघता नराचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येऊन ओठाबाहेर डोकावू लागले, तोवर चारही माद्या गाभण होत्या. ओठ स्वतःच्या हाताने वर करा आणि समोरून तसेच दोन्ही बाजूंनी पाहा: खालचे दात वरच्या मोठ्या दातांच्या मागे असलेल्या लहान दातांवर टेकलेले असले पाहिजेत. विक्रेता तोंडाला हात लावू देत नसेल, तर पैसे बाहेर काढूच नका.

तीन माद्यांच्या वेतांत मिळून 17 पिल्ले झाली आणि त्यांतल्या 8 पिल्लांचे दात वाकडे निघाले. तार चावून झालेली जखम पिल्लांत उतरत नाही. हा दोष सहसा अप्रभावी जनुकाने येतो, म्हणजे पिल्लात तो दिसायला आई आणि बाप दोघांकडूनही तो जनुक यावा लागतो. बाप सदोष आणि आई वाहक असेल, म्हणजे स्वतःत दोष न दिसता तो जनुक बाळगून असेल, तर सरासरी निम्मी पिल्ले सदोष होतात, आणि माझ्याकडे तेच झाले. वेगवेगळ्या वंशांतल्या तीन माद्या एकाच दोषाच्या वाहक निघणे मला पटेना, म्हणून कानामागे विजेरी धरून कानातले ओळख-क्रमांकाचे गोंदण वाचले. दोन माद्यांचे क्रमांक वंशावळीतल्या क्रमांकांशी जुळले नाहीत. हे विकत घेतानाच करायचे असते, आणि उजेड कानामागूनच धरायचा असतो. चौथ्या मादीची 6 पिल्ले दिसायला उत्तम आहेत, पण बाप सदोष असल्यामुळे तीही वाहकच धरावी लागतात. पैदाशीसाठी ती मी कोणालाही देऊ शकत नाही.

यानंतर ज्यांच्याकडे दाद मागायची, त्यांनी तर हद्दच केली. पोलिसांनी “हा दिवाणी मामला आहे” म्हणून अर्ज परत केला. ग्राहक म्हणून तक्रार करायला गेले, तर पैदास करून पिल्ले विकायची होती म्हणजे खरेदी व्यापारासाठी होती, म्हणून मी ग्राहकच नाही! पशुवैद्यांनी आठही पिल्लांचे दात तपासले, तोंडी “आनुवंशिकच आहे” म्हणाले आणि कागदावर मात्र “कारण अनिश्चित” असे लिहून दिले. ससे पैदास करणाऱ्यांच्या संघटनेने सांगितले, की वंशावळ हा विक्रेत्याचा खासगी कागद आहे, त्याची पडताळणी आम्ही करत नाही. मग त्या कागदावर तुमचे बोधचिन्ह कशाला छापू देता, या माझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून मूळ पावती पुन्हा एकदा मागवण्यात आली. ज्या जनावराचे दात कापले नाहीत तर ते उपाशी मरेल, त्याच्याबद्दलची तक्रार यांच्या टेबलांवर कागद म्हणून फिरत राहते.

पिल्लांचे दात आल्यावर त्यांची तपासणी होईपर्यंत निम्मी रक्कम हातात ठेवा आणि “आनुवंशिक दंतदोष आढळल्यास पूर्ण परतावा” हे शब्द लिहून घ्या. नराची आधीच्या वेतांतली पिल्ले पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. मला ती “सगळी विकली गेली” असे सांगण्यात आले होते. माझे 48,150 रुपये गेले, सदोष नराला आणि त्याच्या पिल्लांना मी पैदाशीतून कायमचे काढले आहे, आणि तो विक्रेता त्याच वंशाचे ससे आजही विकतो आहे.