दुसरीचा वर्ग, ५ टॅब आणि ते मांजर: स्क्रॅचज्युनिअर वापरून बघितलं त्याबद्दल

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, दुसरीत ११ मुलं आहेत. गेल्या वर्षी पालक-शिक्षक संघाने पैसे जमवले आणि ५ टॅब आले, पण त्यांचं करायचं काय ते कोणीच सांगितलं नाही. पहिले पंधरा दिवस बडबडगीतं लावली, पोरं गप्प बसली, मलाही बरं वाटलं, आणि मग एक दिवस जाणवलं की ही जरा जास्तच गप्प बसतायत. ते सगळं काढलं आणि स्क्रॅचज्युनिअर टाकलं, म्हणजे लहान मुलांचं कोडिंगचं ॲप, ठोकळे एकापुढे एक जोडून पडद्यावरच्या मांजराला हलवायचं. सहा महिने झाले, ओळखीच्या टीचर सारख्या विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते.

ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत. टफ्ट्स विद्यापीठ आणि एमआयटी मीडिया लॅबमधल्या लोकांनी बनवलेलं, २०१४ ला आधी आयपॅडवर आलं, मग वर्षभरात अँड्रॉइडवर. ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे, मोठं स्क्रॅच ८ च्या पुढच्यांचं. एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही, आणि पावसात आमच्याकडे रेंज शोधायला शाळेच्या मागच्या डगरीवर जावं लागतं, तेव्हा माझ्यासाठी अर्धे मार्क इथेच.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. ठोकळ्यांवर अक्षरं नाहीत, चित्रं आहेत. निळा ठोकळा मांजराला चालवतो, जांभळा लहानमोठं करतो, हिरवा आवाज काढतो, आणि हिरव्या झेंड्यावर टॅप केलं की सगळं सुरू. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, घरी पूर्ण कोकणी, मराठीचं पुस्तक उघडलं की जोडाक्षरापाशी अडून बसतो आणि मग डोळे खाली. तोच मुलगा पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी ओरडला, "टीचर, माजर भायर गेलें, आनी हांगासून परत आयलें!" मांजर एका कडेने बाहेर गेलं की दुसऱ्या कडेने आत येतं, ते त्याने शोधलं, मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. आता बाकीचे त्याला विचारायला जातात. वाचन अजून कच्चंच आहे, जादू वगैरे काही झालेली नाही, पण तो हात वर करायला लागलाय.

टॅब हातात देण्याआधी आठवडाभर आम्ही लाद्यांवर खेळलो, हे मात्र टाळू नका. एकाने मांजर व्हायचं, दुसऱ्याने सांगायचं, "३ लाद्या पुढे, उजवीकडे वळ, २ लाद्या पुढे", आणि सांगितलं तेवढंच करायचं, भिंतीला नाक लागलं तरी. डावं-उजवं इतकं कच्चं आहे हे मला तेव्हा कळलं. मग टॅबवर जाळी चालू केली, २० चौकोन आडवे, १५ उभे, तेव्हा कोणाला काही समजवावं लागलं नाही. आम्ही हायस्कूलात लोगो या जुन्या कोडिंगच्या भाषेतल्या कासवाला एफडी ५० (५० पुढे), आरटी ९० (९० अंश उजवीकडे) करत फिरवायचो, त्या कासवाचं हे नातवंडच म्हणा. फक्त इथे वळायला ९० वगैरे नाही, १२ टाकलं की पूर्ण गोल. एका मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ते स्वतः जुळवलं, ३ टाकलं की पाव गोल. मी गप्प बसून ऐकलं.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सुट्टीनंतर प्रत्येक जोडीने आपापला गणपती केला. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट, बोटाने रंगवली, बाकावर थाप मारून घुमट या आरतीतल्या वाद्याचा आवाज रेकॉर्ड केला, आरतीही म्हटली. एका प्रोजेक्टमध्ये पानं फक्त ४, त्यामुळे दीड दिवसवाल्यांचं मस्त जमलं आणि एक मुलगा रडवेला, "आमचा ५ दिवसांचा, बसवू कसा?" शेवटी मधले तीन दिवस एकाच पानात कोंबले, मूर्ती तीच, फक्त करंज्या कमी होत गेल्या.

कमतरता? "असं झालं तर तसं कर" हा ठोकळा नाही, गुण मोजायची सोय नाही, म्हणून तिसरी-चौथीतली चुणचुणीत पोरं लवकर कंटाळतील, त्यांना मोठं स्क्रॅच द्या. आपल्याकडची सरकारची कोडिंगची केअर्स योजना सहावी ते आठवीसाठी आहे, खालच्या वर्गांचं आपलं आपणच बघायचं. आणि काम ज्या टॅबवर केलं त्याच टॅबवर राहतं, हे आधी लक्षात न आल्यामुळे आमच्याकडे एकदा रडारड झाली. चूक माझीच. आता टॅबवर आंबा, काजू, फणस, नारळ, कोकम असे स्टिकर लावलेत.

दोघांत एकच टॅब द्या, आमच्यात एक गट तिघांचा आहे. प्रत्येकाला एकेक दिला की पुन्हा गप्प होतात, दोघांत एक असला की भांडतात, आणि भांडताना "अरे आधी उडी, मग चाल" असं जे बोलतात तोच माझा तास. २० मिनिटं पुरेत.

टॅब घेणार असाल तर ७ इंचाच्या खालचा नको, ठोकळे बोटाखाली येत नाहीत. आणि चांगला एक्स्टेन्शन बोर्ड आधी घ्या. आम्ही तो सगळ्यात शेवटी घेतला, तोवर ऑफिसातल्या एका प्लगवर ५ टॅब पाळीपाळीने.