ट्रायएथिलअमीन घ्यावं की ह्यूनिग बेस?

दोन्ही रिअ‍ॅक्शनमधलं आम्ल टिपायला वापरायचे अमीन बेस. पहिला टीईए, दुसरा म्हणजे डीआयपीईए. दोघांचाही पीकेए (बेसच्या ताकदीचं माप) अकराच्या आसपास, म्हणजे ताकदीवरून निवड होत नाही. भावावरून करायची तर टीईए केव्हाही स्वस्त. शिवाय मोलला 101 ग्रॅम, तर डीआयपीईए 129 ग्रॅम. मोठी बॅच असली की हा फरक पर्चेसवाले बरोबर ऐकवतात.

वासाचं म्हणाल तर टीईए म्हणजे सुकटीची करंडी. एकदा हार्बर लाइनला शेजारच्या काकांनी अगदी प्रेमाने विचारलं होतं, "बोंबील कुठून आणलेत?" पण वासाने माझं मत बदललं नाही. मासे खाणाऱ्या घरातला आहे, आणि नाक तासाभरात सरावतंही. सरावतं हीच खरी भानगड. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली, असं नव्हे.

मत बदललं ते एका ऑगस्टच्या संध्याकाळी. हुडमध्ये, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात, जागा नव्हती म्हणून दोनशे मिली टीईए बेंचवरच ओतून घेतलं. दोन मिनिटांचं काम, म्हटलं काय होतंय. संध्याकाळी दादरच्या पुलावर आलो तर इंडिकेटरभोवती रंगीत कडं, सिग्नलभोवती कडं, आणि सगळ्यावर निळसर धुकं. पावसाने चष्मा धुरकटला असेल म्हणून पुसला. चष्मा काढूनही पाहिलं. कडी तशीच. टीईएच्या वाफेने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज येते, त्याचा हा प्रकार. काही तासांत उतरतो, माझाही सकाळपर्यंत उतरला. पण त्यात डोळा दुखत नाही की चुरचुरत नाही, त्यामुळे काम करताना काही कळतच नाही. मी लोकलने जातो म्हणून निभावलं. तसाच बाइकवर बसून हायवेला लागलो असतो तर?

डीआयपीईएने असं होणारच नाही, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. तेही डोळ्यांचं वैरीच, गॉगल आणि हुड त्यालाही हवेच. पण ते 127 अंशांना उकळतं आणि टीईए 89 ला, त्यामुळे त्याची वाफ बरीच कमी. ज्वलनशील दोन्ही. टीईएचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) शून्याच्या खाली, डीआयपीईएचा साधारण 10 अंश, म्हणजे मुंबईच्या हवेत दोन्ही बारा महिने पेटायला तयार. वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून सरपटत शेजारच्या हॉटप्लेटपर्यंत जाते. आणि आम्लांच्या कपाटात यांना ठेवू नका. एचसीएलच्या बाटलीशेजारी ठेवलं की काचेवर पांढरी साय धरलीच म्हणून समजा.

रसायनाच्या बाजूनेही माझा कल तिकडेच आहे. आयसोप्रोपिलच्या गर्दीमुळे डीआयपीईएचा नायट्रोजन सहसा दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही. बेंझिल ब्रोमाइडसारखं काही असलं की टीईए स्वतःच त्याला चिकटून मीठ होऊन बसतं. उलट, आम्ल क्लोराइडची साधी रिअ‍ॅक्शन टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये करायची असेल तर टीईएचं मीठ छान खाली बसतं, गाळलं की काम झालं. तिथे डीआयपीईएसाठी पैसे घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

डीआयपीईएचा खरा त्रास म्हणजे ते रोटावर (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावर) लवकर निघत नाही. माल बेसिक नसेल तर सायट्रिक आम्लाचे दोन वॉश द्या, सुटतं. माल बेसिक असेल तर मात्र चिकाटी लागते.

नायट्रोसअमीनच्या, म्हणजे कर्करोगाचा धोका असलेल्या अशुद्धींच्या बाबतीत दोघांपैकी कोणीच धुतल्या तांदळासारखं नाही. 2018 मध्ये वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात अशा अशुद्धी सापडल्यानंतर, टीईए आणि नायट्राइट एकत्र आले की एनडीईए हे नायट्रोसअमीन होतं, हे सगळ्यांना पाठ झालं. डीआयपीईएपासूनही त्याचे भाऊबंद होतातच. क्वेंचला (रिअ‍ॅक्शन थांबवताना) सोडियम नायट्राइट असेल तर आधी अमीन पुरतं काढा, मग ते कुठलंही असो.

टीईएची बाटली माझ्याकडे अजून आहे. आम्लाला नाजूक माल असला की तो शुद्ध करायच्या सिलिकाच्या कॉलमला एक टक्का घालतो. तो कॉलम आता हुडमध्येच लावतो, जागा नसेल तर दुसऱ्या दिवशी.